प्लास्टर निघाल्यानंतर



संयोजकांनी मला सॉफ्टवेअरमधल्या करिअरवर बोलायला बोलावलं होतं. मी घोट्यावर बोलणार आहे. तक्रार चहाच्या वेळी करा.

मागच्या पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावरून पाय घसरला आणि माझ्या उजव्या घोट्याचं बाहेरचं हाड मोडलं. गावात लगेच सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे हाड बसवणाऱ्याकडे न्या, कुणी म्हणे तेल लावून चोळा. आम्ही भंडाऱ्याला जाऊन एक्स-रे काढला. हाड सरकलं नव्हतं, ऑपरेशन टळलं. सहा आठवडे प्लास्टर.

प्लास्टरमध्ये बोटं निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, दुखणं वाढतच गेलं किंवा आतून वास आला, तर सकाळ व्हायची वाट बघू नका. मुंबईच्या नर्तकी सुधा चंद्रन यांना १९८१ मध्ये तामिळनाडूत अपघात झाला. जखमी उजव्या पायात गँगरीन झालं, पाय कापावा लागला. जयपूर फूट लावून त्या पुन्हा नाचल्या, हे आपण कौतुकानं सांगतो. पाय का गेला, हे मात्र विचारत नाही.

प्लास्टर निघालं की लोक म्हणतात, झालास बरा! माझी पोटरी वाळली होती आणि घोटा लाकडासारखा झाला होता. हाड साधारण सहा ते आठ आठवड्यांत जुळतं, चाल परत यायला महिने लागतात. टॉवेलनं पंजा आपल्याकडे ओढायचा, मग टाचा उचलायच्या, मग एका पायावर तोल. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा.

आणि आपलं जगणं जमिनीवरचं. उकिडवं बसणं, दस्तरखान, सजदा, सगळ्याला घोटा वाकावा लागतो. मी तीन महिने खुर्चीवर नमाज पढलो. आजाऱ्याला ती मुभा आहे हे लहानपणीच शिकवतात, तरी "एवढा जवान माणूस खुर्चीवर?" असं विचारणारे भेटलेच.

मला हे सगळं परवडलं, कारण माझं काम लॅपटॉपवर होतं आणि पाण्याचा ग्लाससुद्धा अम्मी हातात आणून देत होती. त्याच सुमारास मोहल्ल्यातल्या एका खालांचाही घोटा मोडला. प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या चुलीपुढे उकिडव्या बसलेल्या, आणि पुढच्या आठवड्यात चिखलात निंदणाला. मजुरी बुडवून कसं चालेल? पण घरात दोन जवान मुलं होती, त्यांनी चहासुद्धा टाकला नाही. खाला वर्षभर लंगडत राहिल्या. लोक म्हणायचे, वय झालं. त्या पंचेचाळीसच्या आहेत.

आता त्यांना फिजिओथेरपिस्टकडे नेलंय. रोज सकाळी त्या दाराची चौकट धरून टाचा उचलतात. थोरल्यानं महिनाभर पाणी भरायचं कबूल केलंय. आज दहावा दिवस.