जुनी लाकडी होडी घेण्यापूर्वी

जुन्या लाकडी होडीची परीक्षा पठाणापासून, म्हणजे तळाच्या मुख्य लाकडापासून सुरू होते. फळ्या बदलता येतात. पण तळाचे हे लाकूड कुजलेले निघाले, तर होडी जवळजवळ नव्याने बांधावी लागते आणि स्वस्तातला सौदा तिथेच महाग ठरतो. म्हणून होडी पाण्याबाहेर ओढल्याशिवाय व्यवहार ठरवूच नये.

हातोडीने ठोकल्यावर निकोप सागाचा आवाज खणखणीत येतो, कुजक्या जागी तो बद्द होतो. सर्वांत फसवा शत्रू टेरेडो. दिसायला किडा, पण कुळाने शिंपल्यांचा हा प्राणी टाचणीच्या डोक्याएवढ्या छिद्रातून लाकडात शिरतो आणि आत वाढत जातो. त्यामुळे बाहेरून धडधाकट दिसणारी फळी आतून पोकळ असू शकते. संशय येईल तिथे टोच्या खुपसून पाहावाच. कूज मात्र खाऱ्या पाण्यापेक्षा साचलेल्या पावसाच्या पाण्याने अधिक होते. कोकणच्या पावसाळ्यात उघड्यावर पडून राहिलेली होडी म्हणूनच वरच्या सांध्यांतून आधी नासते. खिळ्यांभोवती गंजाचे काळे डाग असतील, तर तिथल्या लाकडाची पकडही सुटत आलेली असते.

इंजिन दुरुस्त होते किंवा बदलता येते. त्याची चिंता दुय्यम. खरा खर्च सागाचा आणि कुशल सुताराच्या मजुरीचा. अंदाज त्याच्याकडूनच, होडी दाखवून घ्यावा. मासेमारीसाठी वापर करायचा असेल, तर नोंदणीची कागदपत्रे आणि महाराष्ट्राच्या 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखालील परवाना पैसे देण्यापूर्वी तपासावा.