स्कॅन झाले, पण उघडले कुठे?

(शिरढोण, ता. पनवेल येथील मेळाव्यातले अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाने गोड बोलावे, शाल सांभाळावी आणि जेवणाची वेळ व्हायच्या आत खाली बसावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. आज मी तो पाळणार नाही. सकाळपासून या मांडवात एकाहून एक बेत ऐकले. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांच्या वाड्यात भलामोठा पडदा लागणार, बोट टेकवले की बंड सुरू होणार. कर्नाळा किल्ल्याची सफर खुर्चीत बसून घडणार. दारावर क्यूआर कोड डकवणार, तो मोबाइलने टिपला की सगळा इतिहास खिशात. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत, हे पुढच्या रांगेने पाहिलेच असेल.

पडद्याशी माझे वैर नाही. पण त्यावर काय दिसायचे ते कोण ठरवणार, आणि ठेकेदाराची मुदत संपून तो काळा पडला की कोणाचे दार ठोठावायचे, याबद्दल एकाही वक्त्याने चकार शब्द काढला नाही. भांडण तेवढ्यासाठी आहे.

या गावापासूनच सुरुवात करू. ४ नोव्हेंबर १८४५ ला वासुदेव बळवंत इथे जन्मले. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार, नातू पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून. कारकुनाला कागदाची किंमत कळते. म्हणून तर १८७९ च्या एप्रिलात, इंग्रजांविरुद्धच्या बंडामुळे सरकार मागावर असताना, श्रीशैलच्या मल्लिकार्जुनापाशी बसून या माणसाने आपली हकीकत लिहून काढली. जुलैमध्ये देवर नावदगीला ते पकडले गेले आणि ते लिखाण त्यांच्याविरुद्धच पुरावा म्हणून कोर्टात उभे राहिले. बचावाला गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, होते, तरी जन्मठेप चुकली नाही. १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनच्या तुरुंगात ते वारले. पुढे १९५७ साली मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचा पहिला खंड काढला, त्यात ती हकीकत आणि रोजनिशी छापली. छापली कोणत्या भाषेत? इंग्रजीत! लिहिली मराठी माणसाने मराठीत, जप्त केली इंग्रजाने, आणि स्वराज्यात ती बाहेर आली इंग्रजीतच.

आता मला सांगा, पुतळ्याला हार घातलेले हात वर करा म्हटले तर अख्खा मांडव वर होईल. त्या रोजनिशीचे एक पान तरी वाचलेले किती?

आणि बंड काही एकट्या फडक्यांचे नव्हते. १८७९ च्याच मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांच्या टोळीने पळस्प्यावर दरोडा घातला. पळस्पे म्हणजे आपले पळस्पेच, हाकेच्या अंतरावरचे! लूट घेऊन घाटावर परतताना सरकारी फौजेच्या मेजर डॅनियलच्या माणसांनी त्यांना गाठले आणि दौलतराव पडले. आज पळस्पे फाटा म्हटला की आपल्याला आठवते ती वाहतूक कोंडी. त्या टोळीत रामोशी होते, त्यांची घरेदारे होती, मागे राहिलेली माणसे होती. वाड्यातला पडदा दहा मिनिटांचा असेल, तर त्या दहा मिनिटांत दौलतरावांना किती सेकंद? हे पुण्यामुंबईच्या कंपनीने ठरवायचे, की त्या रामोश्यांच्या गावांतल्या माणसांनाही विचारायचे? विचारायचे असेल तर निविदेत तसे कलम असते. मी अशा निविदा वाचल्या आहेत. पडदा किती इंची हवा ते त्यांत असते, वातानुकूलन यंत्र किती टनी तेही असते. गावकऱ्यांना विचारावे, असे कलम मला आढळलेले नाही.

मध्यंतरी एका दप्तरखान्यातून मी मोडीतल्या रजिस्टरचे स्कॅन मिळवले. नाव घेत नाही, कारण असे दप्तरखाने पुष्कळ आहेत. फाइलचे नाव होते ‘स्कॅन ००१२’. गाव नाही, साल नाही, विषय नाही. पान तिरपे, आणि उजव्या कोपऱ्यात कंत्राटी पोराचा अंगठा, नखात शाई भरलेली. नेमकी तारीख त्या अंगठ्याखाली. कर्नाळ्याच्या सुळक्याचा अंगठा लांबून दिसला की शिरढोण जवळ आले असे आपण म्हणतो. या अंगठ्यावरून मी कुठे आलो म्हणायचे? पोराचा दोष नाही, त्याला पानामागे पैसे होते. ज्यांनी अशी पाने मोजून अहवालात ‘काम पूर्ण’ लिहिले, त्यांना मी जाब विचारतो आहे. सूचीशिवाय स्कॅन म्हणजे चावी हरवलेली तिजोरी. वर तोंड करून सांगायचे, सगळे ऑनलाइन आहे!

‘लोकांना कागदपत्रांत रस नसतो’ असे सांगणारे विद्वान मला पदोपदी भेटतात. त्यांना मी २०२३ सालची आठवण करून देतो. सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि कुणबी नोंदींसाठी महाराष्ट्रभर दप्तरे उघडली. मराठा आरक्षणाच्या वादात या मंचावरून मी पडत नाही, तुमची बाजू कोणतीही असो. पण काय घडले ते पाहा. ज्यांना कोणी विचारत नव्हते त्या मोडी वाचकांना जिल्ह्याजिल्ह्यांतून बोलावणी गेली. जन्ममृत्यूची रजिस्टरे, शाळांचे दाखले, महसुली कागद खाली काढले गेले, त्यांचे स्कॅन अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढले. आयुष्यात कधी दप्तरखान्याची पायरी न चढलेले शेतकरी पणजोबांचे नाव शोधत रात्र रात्र मोबाइलवर बसले. रस नव्हता? रस होताच, दार बंद होते. गरज रेटून उभी राहिली तेव्हा वर्षानुवर्षांचे भिजत घोंगडे सरकारने काही महिन्यांत वाळवले. मग उरलेल्या कागदांसाठी लोकांनी पुन्हा रस्त्यावर यायचे का?

दार उघडले की काय होते, ते ऑस्ट्रेलियाने दाखवले; तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रे इंटरनेटवर टाकली. यंत्राने वाचलेल्या मजकुरात चुका होत्या, तर २००८ पासून त्या दुरुस्त करायची मुभा त्यांनी सरळ वाचकांना दिली. निवृत्त शिक्षक, गृहिणी, हौशी माणसे यांनी कोट्यवधी ओळी शुद्ध केल्या. आपल्याकडे वाचकाने सूचीतली चूक दाखवली तर आधी विचारतात, ‘आपण कोण?’ यात आमच्या साहित्यसंस्थाही आल्या. दुर्मीळ ग्रंथांच्या कपाटाची किल्ली कमरेला लावून फिरणारे चिटणीस मी पाहिले आहेत.

आणि एकदा यंत्रावर चढवले म्हणजे अमर झाले, या भ्रमातही राहू नका. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर २०२३ च्या ऑक्टोबरात सायबर हल्ला झाला आणि तिच्या कित्येक सेवा महिनोन्‌महिने ठप्प राहिल्या. जगातल्या मातब्बर ग्रंथालयाची ही गत, तर आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याशा ठेकेदाराच्या सर्व्हरचे काय घेऊन बसलात! म्हणून एक प्रत गावात हवी. राज्यात १९६७ च्या कायद्याखाली चालणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांतल्या ग्रंथपालाला महिन्याकाठी जे मिळते, ते या मंचावरून सांगायची मला लाज वाटते. पडद्याच्या खर्चातला थोडा हिस्सा त्याच्याकडे वळवा, मग बघा काय होते.

आता कागद बाजूला ठेवतो. आपल्या पनवेल-उरणच्या आगरी लग्नात हळदीला धवले, म्हणजे लग्नगीते, गाणारी धवलारीण बसते. लिहायला-वाचायला येत नसले तरी लग्नातल्या एकेका विधीचा धवला तिला तोंडपाठ. कधी काय गायचे, कुठे थांबायचे, कोणत्या घरात कोणते नाव घ्यायचे, हे ती सासू-आजीकडून शिकलेली असते. हळदीला आलेला एखादा पोरगा ते मोबाइलवर टिपतो, मागे ढोलकी आणि बेंजो चढवतो, आणि महिन्याभरात ते गाणे अख्ख्या रायगडात वाजू लागते. खाली नाव कोणाचे? त्या पोराचे, मिक्सिंगवाल्याचे, झालेच तर प्रायोजक बिल्डरचे. बाई कुठे गेली? तिला कोणी विचारले का, हा धवला सगळ्यांसमोर गायचा आहे की घरातच ठेवायचा आहे? एका म्हातारीने मला तोंडावर सुनावले होते, ‘माजा आवाज घेतलास, आनी नाव तुजा लावलास?’ ज्या संस्था पुस्तकाच्या हक्कांसाठी कोर्टात जातात, त्यांनी या बाईसाठी साधे पत्र तरी लिहावे.

तसेच जासईचे. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या दरासाठी उठलेल्या या मुलखात गोळीबार झाला, पाच माणसे गेली. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव आता नवी मुंबई विमानतळाच्या संदर्भात सगळ्यांच्या तोंडी आहे. पण त्या दिवसांत पोलिसांचा मार खाल्लेल्या बाया अजून आहेत, त्यांना समोर बसवून बोलते करायला किती प्रकल्प निघाले? ज्या टेकड्या सपाट झाल्या, जी गावे धावपट्टीसाठी उठली, त्यांची गावदेवीची जागा, वहिवाटीची पायवाट, खाडीतल्या मासेमारीच्या जागांची नावे माणसांच्या डोक्यातच आहेत. तिथे स्कॅनर चालत नाही. तिथे ओटीवर बसावे लागते आणि दुसऱ्या दिवशी परत जावे लागते.

सरकारला झोडपले, विद्वानांना झोडपले. आता तुमची पाळी. आपल्या घरात माळ्यावर ट्रंका आहेत. त्यांत मोडी कागद आहेत, सनदा आहेत, मुंबईच्या गिरणीतली हजेरीकार्डे आहेत, पिवळे पडलेले फोटो आहेत. त्या उघडत का नाहीत? चुलतभाऊ हिस्सा मागेल म्हणून! जमिनीला सोन्याचा भाव आला तसा प्रत्येक कागद कुलपात गेला. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. सातबारा ऑनलाइन आला तेव्हा पहिल्यांदा तो पाहिला तो दलालाने, आपण नव्हे. पण त्यावर उपाय आहे. जमिनीचे कागद वेगळे काढा, ते घरात ठेवा. आजोबांची पत्रे, लग्नाची यादी, गावकीच्या वह्या यांनी कोणाचा बांध सरकत नाही.

तेव्हा अध्यक्ष म्हणून एक ठराव मांडतो आणि तो इतिवृत्तात जसाच्या तसा घ्यावा, असे चिटणिसांना सांगतो. या तालुक्यातले कागद, फोटो, गाणी किंवा आठवणी घेऊन जो कोणी, सरकार असो वा खासगी कंपनी, डिजिटल काम करील, त्याने त्याची एक पूर्ण प्रत सूचीसह इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावी. ती पाहायला पैसे पडू नयेत. देणाऱ्याचे, गाणाऱ्याचे आणि सांगणाऱ्याचे नाव प्रत्येक ठिकाणी असावे, आणि नको असेल तर ते काढून घ्यायचा हक्क त्या माणसाला असावा. वाड्यातल्या पडद्याचा मजकूर आधी या गावात वाचून दाखवावा, दुरुस्त्या घ्याव्यात, मगच पुढचा हप्ता द्यावा.

अनुमोदक हवा आहे. एकच अट, हात वर करणाऱ्याने आज संध्याकाळी आपल्या माळ्यावरची ट्रंक खाली उतरवायची आहे. हं, कोण उठतंय?