फरशीवरचे जुने डाग



दिवाळी आली, घरात लग्न निघालं, की आपण घर रंगवतो. भिंतींना चुना, दारा-खिडक्यांना तेलरंग. कुंचल्यातून थेंब गळतात. खाली पोतं अंथरलेलं नसलं, तर ते फरशीवर पडतात आणि तिथंच वाळतात. वर्षं जातात, डाग जात नाही. मग एक दिवस कुणी विळा घेतो, कुणी वीट घेतो, कुणी संडास धुण्याच्या ॲसिडची बाटली आणतो.

जरा थांबा. आधी दोन प्रश्न विचारा. फरशी कसली? आणि रंग कसला?

आपल्याकडे बऱ्याच घरांत शहाबादी फरशी असते. शहाबाद हे गाव कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तिथला दगड चुनखडीचा. चुनखडीचं आणि आंबटाचं वैर आहे. खात्री करायची असेल, तर कोपऱ्यातल्या फरशीवर लिंबाचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले, तर लिंबू दगडाला खातं आहे असं समजा. लगेच पाण्यानं धुऊन टाका. लिंबाची ही गत, तर ॲसिड काय करील? डाग राहील बाजूला, फरशीलाच खड्डे पडतील. आणि ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. बंद खोलीत तो माणसाचा जीव घेतो.

आता रंग पाहू. डागावर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा. मग बोटानं चोळा. बोटाला पांढरं लागलं, तर तो चुना किंवा साधा डिस्टेंपर. तो पाण्यानं भिजवून काथ्यानं घासला की निघतो. भिंतीचा प्लास्टिक रंग असेल, तर गरम साबणपाण्यात फडकं भिजवून ठेवा. तो मऊ होतो आणि सालपटासारखा सुटतो.

हट्टी असतो तो तेलरंग. पुष्कळ लोक त्यावर रॉकेल किंवा टर्पेंटाइन ओततात. ताजा थेंब त्यानं पुसला जातो. जुना थेंब जात नाही. असं का? तेलरंग वाळतो म्हणजे त्यातलं तेल हवा लागून घट्ट होतं. दुधाचं दही झालं, की दह्याचं पुन्हा दूध होत नाही. तसंच हे आहे. शिवाय जवळ चूल पेटलेली असली, तर भडका उडायचा.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. शिसं हे विष आहे. देवाला लावायचा जुना शेंदूर ठाऊक आहे ना? तो शिशापासूनच करत. तीच शेंदरी पूड लोखंडाला गंज लागू नये म्हणून रंगात घालत. पांढऱ्या-पिवळ्या रंगांतही शिसं असे. आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगाला कायद्याची मर्यादा आहे. दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसं चालत नाही. पण त्याआधीचा डाग कसला आहे, हे नुसतं पाहून कळत नाही. म्हणून तो विषारी आहे असं धरूनच चालावं.

डाग पडून आहे तोवर त्रास थोडा. वीट घेऊन कोरडा घासला, की त्याची धूळ होते. ती धूळ श्वासात जाते. फरशीवर रांगणारं मूल तोच हात तोंडात घालतं. शिशानं मुलाची बुद्धी खुंटते. झालेली हानी भरून येत नाही. गरोदर बाईच्या अंगात शिसं गेलं, तर पोटातल्या बाळालाही ते पोचतं.

मग डाग काढायचाच नाही का? काढायचा. पण ओला करून.

आधी मुलं आणि गरोदर बाया यांना घराबाहेर बसवा. भांडी, पाणी झाका. हातात रबरी मोजे घाला. एक लिटर गरम पाण्यात चार मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवा. खायचा सोडा नव्हे. त्यात जाड फडकं भिजवून डागावर ठेवा. वर प्लास्टिकचा कागद टाका, म्हणजे ते वाळणार नाही. दोन-तीन तास राहू द्या. सोडा आणि तेल यांचा साबण होतो, हे तुम्हांला माहीत आहेच. इथंही तसंच होतं. तेल सैल पडतं आणि रंग मऊ होतो.

मग लाकडाची चपटी पट्टी आडवी धरून रंग हळूहळू खरवडा. चिनी मातीची गुळगुळीत फरशी असेल, तर ब्लेड आडवं धरून चालेल. डाग ओलाच ठेवा. एकदा निघाला नाही, तर पुन्हा सोडा लावा. घाई करू नका.

निघालेली सालं ओल्या कागदानं उचला आणि पिशवीत बांधा. झाडू मारू नका. ओल्या फडक्यानं दोनदा पुसा. ती पिशवी चुलीत टाकू नका, धुरातून शिसं पसरतं. उकिरड्यावरही नको, तिथलं खत शेतात जातं. विहिरीजवळ तर नकोच. ग्रामपंचायत घातक कचरा वेगळा घेत असेल, तर तिकडे द्या. शेवटी हात साबणानं धुवा, कपडे बदला. मगच मुलाला जवळ घ्या.

आणि पुढच्या खेपेला रंग घेताना डबा वाचा. शिसं नाही, असं त्यावर लिहिलेलं असावं. आता तुम्हांला वाचता येतं. दुकानदाराच्या तोंडाकडे बघायचं कारण नाही. रंग लावण्याआधी फरशीवर जुनं पोतं अंथरा. पडलेला थेंब ओला असतानाच पुसा. फरशीवरचा डाग राहिला, तर घर काही पडत नाही. लेकराच्या जिवाला मात्र जपा.