पाहुण्यांना प्रश्न विचारा



अधिवेशन म्हटलं की प्रमुख वक्ते म्हणून आपण एखादा संपादक आणि एखादा पुढारी बोलावतो. शाल, श्रीफळ, टाळ्या, सेल्फी, झालं!

१९४६ साली याच बेळगावात साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर, नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक. व्यासपीठ लेखकांचं, पण संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला. लोकांनी चौदा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा १९६० मध्ये राज्य मिळालं. बेळगाव मात्र बाहेरच राहिलं.

म्हणून यंदा पाहुण्यांना थेट विचारूया. संपादकसाहेब, तुम्ही काय छापणार? आमदारसाहेब, सभागृहात कोणता प्रश्न मांडणार? उत्तर लिहून घेऊ, खाली तारीख घालू. पुढच्या वर्षी तोच कागद घेऊन त्यांच्याकडं जाऊ.