अण्णांची भाकरी बंद केली, तेव्हा काय झालं?

आजचा भाग शुगरवर आहे. आणि सुरुवात मी माझ्याच चुकीपासून करतो, कारण ही चूक तुमच्यापैकी कुणीतरी या आठवड्यात करणार आहे.

आमचं गाव घोडेगाव आणि मंचरच्या मधे. मी पुण्यात नोकरीला, अण्णा आणि आई गावी. दोन वर्षांपूर्वी अण्णांचा रिपोर्ट आला. एचबीए१सी ९.१. म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा हिशोब. ६.५ किंवा त्यावर गेलं की डायबेटिस म्हणतात, आणि हे तर नऊच्या वर. डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड.

मी काय केलं? चार रील बघितल्या आणि शनिवारी गावी जाऊन जाहीर केलं, "अण्णा, उद्यापासून भाकरी बंद, भात बंद. फक्त अंडी, पनीर आणि भाज्या." अण्णा म्हणाले, "अरे, भाकरीबिगर जेवण म्हणजे जेवण का?" पण पोरगा पुण्याहून आलाय, शिकलेला आहे, म्हणून ऐकलं त्यांनी.

अकराव्या दिवशी आमच्याकडे रात्रीची लाईट होती. अण्णा उसाला पाणी भरायला गेले. आपल्याकडे रात्री उसात जाणं म्हणजे काय, ते जुन्नर-आंबेगावच्या माणसाला सांगायला नको. एका हातात बॅटरी, एका हातात काठी, आणि सगळं लक्ष बिबट्याकडे. बिबट्या नाही आला. पण अण्णांचे हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला, बोलणं अडखळायला लागलं. शेजारच्या वावरातल्या काकांनी बघितलं म्हणून बरं. घरी आणून मीटर लावला तर शुगर ५४. आईने साखरपाणी पाजलं, तेव्हा पंधरा-वीस मिनिटांनी माणूस जागेवर आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला फोनवर झापलं, आणि बरोबरच होतं ते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात भाकरी आहे की नाही, हे ती बघत नाही. इन्सुलिनच्या इंजेक्शनचंही तेच. तुम्ही जेवणातली कर्बोदकं एकदम अर्ध्यावर आणली आणि गोळी तेवढीच ठेवली, तर साखर धाडकन खाली येते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या चालू असतील, तर कर्बोदकं फार कमी केल्यावर रक्तात आम्ल वाढायचा वेगळाच धोका असतो. म्हणून पहिला नियम. आधी डॉक्टर, मग डाएट. गोळी किती कमी करायची ते डॉक्टर ठरवणार, आपण नाही. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवण्याआधीसुद्धा विचारायचं.

बरं, मग आम्ही काय केलं? कागद घेऊन बसलो. अण्णा आधी दिवसभरात काय खात होते? दुपारी तीन भाकरी, रात्री तीन भाकरी, वर वाटीभर भात. पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. एका भाकरीला साधारण सत्तर ग्रॅम पीठ लागतं, आणि त्यात चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम कर्बोदकं. सहा भाकरींचे झाले अडीचशेच्या वर. भात चाळीस, चहाची साखर पन्नास. म्हणजे साडेतीनशे ग्रॅमच्या घरात!

इथे एक गैरसमज काढून टाकू. गावात सगळे म्हणतात, "चपाती सोडा, बाजरी खा, बाजरीने शुगर वाढत नाही." वाढते, मंडळी. शंभर ग्रॅम बाजरीत साठच्या वर कर्बोदकं असतात, गव्हाच्या जवळपास तेवढीच. बाजरीत तंतू जास्त आहेत, साखर जरा सावकाश चढते, हे खरं. पण सहा भाकरी त्या सहा भाकरीच. नाचणीचंही तसंच.

मग किती कमी करायचं? आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये भारतीय माणसासाठी एक हिशोब मांडला. डायबेटिस मागे हटवायचा असेल, तर रोजच्या ऊर्जेतला कर्बोदकांचा वाटा ४९ ते ५४ टक्क्यांवर आणा आणि प्रोटीन १९-२० टक्क्यांवर न्या. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा कर्बोदकांचा वाटा साठच्या वर असतो. बघा, शून्य करा असं कुणी म्हणत नाहीये. माझी कीटोची रील आणि हा आकडा, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता अण्णांचं ताट सांगतो. दुपारी दीड भाकरी, रात्री एक. रात्रीचा भात बंद. चहा दोन कप, बिनसाखरेचा. पहिले पंधरा दिवस त्यावरून घरात भांडणं झाली, आता गोड चहा त्यांनाच नको वाटतो. मग पोट कशाने भरायचं? मटकीची उसळ मोठी वाटी भरून. पिठलं, पण पातळ नाही, चांगलं घट्ट. रोज दोन अंडी. मूठभर भाजलेले शेंगदाणे. मेथी, शेपू, गवार, कोबी, शेवगा, जे वावरात आहे ते. ताक. आणि आपली मासवडी! बेसनाचं आवरण, आत तीळ, खोबरं, शेंगदाणे. नारायणगावला हॉटेलात मासवडी खाऊन सोबत चार भाकरी हाणतो आपण. मासवडीत बेसन आहे, त्यामुळे थोडी कर्बोदकं येतातच, पण खरा गोंधळ त्या चार भाकरींचा आहे.

पनीर, बदाम, अॅव्होकॅडो यातलं काहीच नाही. अण्णा म्हणाले, "हे जमंल." माझ्या दृष्टीने तोच सगळ्यात मोठा रिपोर्ट होता. जे डाएट आईला वेगळं रांधावं लागतं, ते महिनाभर टिकतं. जे घरातल्या सगळ्यांच्या ताटात बसतं, ते वर्षभर चालतं.

अडचणी आल्याच. एकादशीला साबुदाणा खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. आता उपवासाला शेंगदाण्याची आमटी जास्त, भगर दोन घास. सप्त्याच्या पंगतीत लोक आग्रह करतात. अण्णांनी युक्ती काढली, आधी भाजी-आमटी संपवायची, गोड शेवटी, एकच घास, प्रसाद म्हणून. पश्चिमेकडे भीमाशंकरच्या बाजूला आमचे पाहुणे आहेत, त्यांचं जेवण भातावर. त्यांना भाकरीचा हिशोब सांगून काय उपयोग? तिथे भात निम्मा, सोबत वरण, अंडी, आणि पावसाळ्यात टाकळा, कुरडू, भारंगीसारख्या रानभाज्या.

अजून एक. अण्णा अंगाने बारीक आहेत. आम्हाला वाटायचं, शुगर जाड माणसाला होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांमध्ये केलेलं कामच हे सांगतं, की भारतीय बाळ जन्मताना वजनाने कमी असतं, पण त्याच्या अंगात चरबीचं प्रमाण मात्र जास्त असतं. म्हणून बारीक माणसानेही निर्धास्त राहू नये. आणि आता ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली. आजोबा सहा भाकरी खायचे, पण नांगरामागे चालायचे.

आता निकाल. आठ महिन्यांनी अण्णांचं एचबीए१सी ६.८. ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी आधी कमी केली, मग बंद केली. मेटफॉर्मिन चालू आहे. डायबेटिस गेला का? नाही. गोळ्या थांबवून निदान तीन महिने ६.५ च्या खाली राहिलं, तर त्याला रेमिशन म्हणतात. आम्ही तिथे नाही, कदाचित जाणारही नाही. पण अण्णा रात्री उसात जातात तेव्हा आईला झोप लागते. आणि हो, खिशात ग्लुकोजचं पाकीट असतं.

तर या शनिवारी गावी गेलात, तर रील दाखवू नका. आई-बाबांसोबत जेवायला बसा आणि फक्त मोजा, किती भाकरी, किती चहा. गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो काढा. मग डॉक्टरांकडे जा. वय तिशीपुढे असेल आणि तपासणीच झाली नसेल, तर गावच्या आशाताईंना विचारा, सरकारी आरोग्य केंद्रात शुगर फुकट तपासतात. तुमचीही तपासून घ्या.

भाकरी हिसकावून घेऊ नका. अर्धी कमी करा, आणि त्या जागी काय वाढणार ते आधी ठरवा. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!