आश्वासनांचा जमाखर्च

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले भाषण)



उत्सव संपला की दरवर्षी आपली हिशेबाची सभा होते. शंभर रुपये जुळले नाहीत तर आपण खजिनदारांना सोडत नाही! मग मते मागताना दिलेल्या आश्वासनांचा हिशेब आपण का मागत नाही?

बेंगळूरला हे नवे नाही. १९९४ मध्ये सॅम्युअल पॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीज, पाणी, महापालिका अशा सेवांना नागरिकांकडूनच गुण देवविले. शाळेचे प्रगतिपुस्तकच ते! १९९९ आणि २००३ मध्ये पुन्हा पाहणी झाली, म्हणून फरक पडला की नाही हे कळले.

आश्वासनांचेही तसेच करावे. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने पाच 'गॅरंटी' दिल्या. त्यांतल्या तीनच घेऊ. महिलांचा मोफत बसप्रवास ११ जून २०२३ रोजी सुरू झाला. वहीत 'पूर्ण' लिहा. २०० युनिट वीज मोफत मिळणार होती. नियम निघाला तो आदल्या वर्षीच्या सरासरीवर १० टक्के जास्त, आणि २०० ही कमाल मर्यादा. तेथे 'अटीसह' लिहा. गरिबांना माणशी १० किलो तांदूळ मिळणार होता. केंद्राकडून जादा तांदूळ मिळाला नाही, तेव्हा जुलै २०२३ पासून वाढीव पाच किलोंऐवजी १७० रुपये दिले गेले. तो तांदूळ फेब्रुवारी २०२५ पासून. तेथे 'उशिरा' लिहा, आणि कारणही लिहा. नुसते 'केले' किंवा 'फसवले' म्हणून यातले काहीच कळत नाही. आणि सरकार कोणाचेही असो, माप एकच हवे.

खरी अडचण आपल्यातच आहे. "आपण काय, बाहेरचे!" असे म्हणत आपल्यातले कित्येक जण वीस-वीस वर्षे राहूनही येथल्या मतदारयादीत नाव घालत नाहीत. यादीत ज्याचे नावच नाही, त्याला उत्तर द्यायची घाई कोणाला असणार?

म्हणून दोनच विनंत्या. यादीत नाव घाला. आणि मंडळात एक वही ठेवा: आश्वासन त्याच शब्दांत, तारीख, आकडा, मुदत, पुढे काय झाले ते शेजारच्या रकान्यात. जाहीरनामा कन्नडमध्ये असेल तर शेजाऱ्यांकडून वाचून घ्या. त्या निमित्ताने ओळखही वाढेल. पुढच्या वर्षी खजिनदारांच्या हिशेबानंतर ही वहीही वाचू या.

गणपती बाप्पा मोरया!