आधी कान, मग हात

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या बाजूच्या शेतकऱ्याला विमानाचं अप्रूप राहिलेलं नाही. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विभाग १९६४ साली सुरू झाला. तिथे आधी मिग तयार झाली, पुढे सुखोई आली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथेच बांधलेल्या तेजस मार्क-१ए विमानाने पहिलं उड्डाण केलं. इकडे गांधीनगरला सैन्यदलाचे वैमानिक हेलिकॉप्टर चालवायला शिकतात. द्राक्षाच्या बागेत छाटणी करणारा माणूस हातातली कात्री न थांबवता, वर न बघता, नुसत्या आवाजावरून सांगतो, हे सुखोई, हे हेलिकॉप्टर.

अशा मुलखात वाढलेला एखादा मुलगा किंवा मुलगी बारावीच्या सुमाराला म्हणते, मला वैमानिक व्हायचंय. घरात पहिली चर्चा होते ती पैशाची, आणि ती रास्तच आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि सगळा खर्च लाखांच्या आकड्यात, तोही मोठ्या आकड्यात जातो. एकेक तास हजारो रुपयांचा. धुळे, बारामती, गोंदिया इथे हे शिक्षण मिळतं, म्हणजे अंतर फार नाही; पण शेत गहाण ठेवून गेलेल्या पोराचा तिथला एक तास जरी वाया गेला तरी तो बापाच्या जिवाला लागतो.

आणि हे तास वाया जातात कशात? हाताच्या चुकीत जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पुष्कळसे जातात ते कानाच्या चुकीत. आज मला त्याविषयी बोलायचं आहे.

जमिनीवर बसून उडायला शिकण्याची युक्ती नवी नाही. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. आपल्या पेटीला जसा भाता असतो, तसे भाते त्या ऑर्गनला असत. लिंकने तेच भाते घेतले, त्यांच्यावर लाकडी विमानाचं एक बुटकं धूड बसवलं, आणि १९२९ साली असं यंत्र तयार केलं की आत बसून दांडा हलवला की ते डोलायचं, वळायचं, नाक खाली घालायचं. लोकांनी ते जत्रेतलं खेळणं समजून सोडून दिलं. पुढे १९३४ साली अमेरिकी सैन्याकडे टपाल वाहण्याचं काम आलं. ढगात आणि अंधारात उडण्याची सवय नसलेले वैमानिक पटापट मरू लागले, तेव्हा सैन्याने यातली सहा यंत्रं विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांहून अधिक उड्डाणशिक्षार्थी या भात्याच्या विमानात बसून तयार झाले. भजनाच्या पेटीचं हे असं लांबचं नातं वैमानिकांशी लागतं, याची मला गंमत वाटते.

त्या भात्याची जागा आता संगणकाने घेतली आहे. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर आहे, एक्स-प्लेन आहे, फुकट मिळणारा फ्लाइटगिअर आहे. पडद्यावर विमानाची कोठडी दिसते, काटे हलतात, खाली डोंगर आणि नद्या सरकतात. एवढंच असतं तर मी ते खेळ म्हणूनच सोडून दिलं असतं. पण यात एक भर पडली आहे. व्हॅटसिम नावाचं एक जाळं २००१ सालापासून चालू आहे. जगभरचे हौशी लोक आपापल्या घरचं विमान इंटरनेटने त्याला जोडतात, म्हणजे सगळ्यांचं आकाश एक होतं. आणि त्यातलेच काही जण विमान न चालवता मनोऱ्यात बसतात. मनोरा अर्थात पडद्यावरचा. पण बोलणारा माणूस खरा असतो, त्या जाळ्याच्या परीक्षा देऊन त्या जागेवर आलेला. सभासद व्हायला पैसे पडत नाहीत. वय मात्र १३ पूर्ण लागतं. हवामान त्या घटकेचं खरं घेतात, म्हणून कसाऱ्याला धुकं असेल तर पडद्यावरही धुकंच असतं.

गेल्या श्रावणात निफाडला माझ्या भाच्याकडे असाच एका संध्याकाळी बसलो होतो. पोरगा मराठी शाळेतला, बारावी झालेला. कानाला हेडफोन, पुढ्यात वही आणि पेन्सिल. ओझरहून छोटं सेसना विमान घेऊन तो मुंबईला निघाला होता. ओझरला त्या वेळी कोणी नियंत्रक नव्हता, म्हणून तिथे आपलं आपणच सांगून उडायचं. मुंबईला मात्र एक मुलगा बसलेला होता, आवाजावरून वीस-बावीस वर्षांचा असावा. मला वाटलं होतं, पोरगं खेळताना आरडाओरडा करील. कसलं काय! जवळजवळ पाऊण तास तो गप्प होता. दुसऱ्या विमानांशी चाललेलं बोलणं ऐकत होता आणि वहीत आकडे टिपत होता.

ठाण्याच्या अलीकडे त्याला हुकूम आला. डिसेंड टू फोर थाउजंड फीट, क्यूएनएच वन झिरो झिरो वन. पोराने ऐकलेलं परत म्हणून दाखवलं, तसा नियमच आहे; पण शेवटी म्हणाला, वन झिरो वन वन. लगेच पलीकडून शांतपणे आवाज आला: निगेटिव्ह, क्यूएनएच वन झिरो झिरो वन. पोराने जीभ चावली, आकडा सुधारला, पुन्हा म्हणून दाखवला.

मी विचारलं, "एवढ्याशा फरकाने काय बिघडतं रे?" तो म्हणाला, "मामा, उंची दाखवणारा काटा म्हणजे हवेचा दाब मोजणारं यंत्र. समुद्रसपाटीचा आजचा दाब त्याला सांगावा लागतो. दहा आकडे जास्त लावले, तर काटा पावणेतीनशे-तीनशे फूट जास्त दाखवतो. मला वाटणार मी चार हजारांवर आहे, आणि असणार तीनशे फूट खाली. श्रावणात, ढगात, सह्याद्रीवर." मग मी पुढे काही विचारलं नाही.

ही चूक त्याने खऱ्या विमानात केली असती, तर शेजारी बसलेल्या शिक्षकाने सुधारली असती हे खरं. पण त्या सुधारण्याचं मीटर चालू असतं. घरी त्याला ती एका जिभेच्या चावण्यात पडली.

मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला इंग्रजी येत नाही असं नव्हे. पुस्तकातलं येतं. पण कानात खरखर चाललेली, बोलणारा केरळचा की अरबस्तानचा की रशियाचा ठाऊक नाही, तो एका दमात चार आकडे सांगतो आणि पुन्हा सांगायला त्याला वेळ नसतो, हे इंग्रजी कुठल्याच वर्गात शिकवलं जात नाही. शहरातल्या, घरात इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला ते अर्धं आयतंच मिळतं. आपल्या मुलाला ते कमवावं लागतं, आणि कमवायला जागा नव्हती. खऱ्या वैमानिकांचं बोलणं रेडिओ-संचावर चोरून ऐकावं म्हटलं, तर परवान्याविना तसा संच बाळगणं आपल्याकडे कायद्यात बसत नाही. आता ही जागा झाली आहे.

परीक्षाही आहेच. वैमानिकाला रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना काढावा लागतो. पूर्वी तो दूरसंचार खातं देत असे. २०२४च्या भारतीय वायुयान अधिनियमाने ते काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आलं. तीत तोंडी भाग असतो. परीक्षक नियंत्रक होतो, उमेदवार वैमानिक होतो, आणि कागदावरचं एक उड्डाण नुसतं बोलून पार पाडायचं असतं. ज्याने घरी शेकडो वेळा हे केलं आहे, त्याचे पाय त्या खोलीत लटपटत नाहीत.

या बोलण्याला इतकं महत्त्व का, हे आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन शिकलं आहे. १२ नोव्हेंबर १९९६च्या संध्याकाळी हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं आकाशात एकमेकांवर आदळली. सौदी अरेबियाचं बोइंग दिल्लीहून वर चढत होतं, त्याला १४ हजार फुटांची मर्यादा होती. कझाकस्तानचं इल्युशिन खाली येत होतं, त्याला १५ हजारांवर थांबायचं होतं. ते थांबलं नाही. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत कझाक विमानाने ठरलेली उंची सोडल्याचा निष्कर्ष निघाला, आणि त्या वैमानिकांचं तोकडं इंग्रजी हे त्याचं एक कारण म्हणून पुढे आलं. त्या विमानात मनोऱ्याशी बोलणारा माणूस वेगळा होता आणि विमान चालवणारे वेगळे. हुकूम एकाच्या कानातून दुसऱ्याच्या हातापर्यंत जायचा होता. पुढे आंतरराष्ट्रीय संघटनेने नियम केला, आणि २००८च्या मार्चपासून परदेशी जाणाऱ्या वैमानिकाला आणि त्याच्याशी बोलणाऱ्या नियंत्रकाला सहापैकी किमान चौथ्या पायरीचं इंग्रजी आलंच पाहिजे असं ठरलं.

दुसरी गोष्ट टेनेरिफ बेटावरची, २७ मार्च १९७७ची. धुक्यात एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमानं. एकाने परवानगी मिळाली असं समजून धाव घेतली. त्याला थांबवू शकतील अशी दोन वाक्यं त्या क्षणी हवेत होती, एक मनोऱ्याचं आणि एक दुसऱ्या विमानाचं. पण दोघांनी बटण एकाच वेळी दाबलं आणि ऐकणाऱ्याला नुसती शीळ ऐकू आली. ५८३ माणसं मेली. तेव्हापासून टेक-ऑफ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा काढून घेतानाच उच्चारायचा, एरवी नाही, असा दंडक आहे. भाचा बोलण्याआधी दोन क्षण का थांबतो, हे मला त्या गोष्टीवरून कळलं. आधी वाहिनी मोकळी आहे ना, हे ऐकायचं.

आता दुसरी बाजू. घरच्या यंत्रावरचा एक मिनिटही त्या २०० तासांत धरला जात नाही. हाताची सवयही तिथे लागत नाही, उलट बिघडू शकते. पडद्याकडे बघून उडणारा मुलगा खऱ्या विमानात बाहेर क्षितिजाकडे बघायचं सोडून काट्यांकडे टक लावून बसतो. विमान खाली बसताना पोटात जो गोळा येतो, तो खुर्चीत येत नाही. नियंत्रक हौशी असतात. बहुतेक शिस्तीचे, पण सगळेच नाहीत, आणि पुष्कळ संध्याकाळी मुंबईचा मनोरा रिकामाच असतो. अमेरिकेत पायलटएज नावाची सेवा पैसे घेते आणि ठरलेल्या वेळी नियंत्रक हजर ठेवते. तिथले उड्डाणशिक्षार्थी तिचा उपयोग करतात. आपल्याकडच्या उड्डाणशाळांनी एकत्र येऊन संध्याकाळचे दोन तास असा मनोरा चालवला, निवृत्त नियंत्रक बसवले, तर फार मोठं काम होईल असं मला वाटतं. तोवर जे फुकट आहे ते घ्यावं, आणि शिक्षकाला दाखवून घ्यावं. चुकीचं वाक्य शंभरदा म्हटलं की तेच जिभेवर बसतं.

शिक्षकबंधु-भगिनींनो, शाळेत संगणक नसेल तरी यातलं अर्धं करता येतं. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसवा. एक मनोरा, एक विमान. मनोऱ्याने आकडा आणि दिशा सांगायची, विमानाने शब्दाला शब्द परत म्हणायचं, चुकलं तर मनोऱ्याने निगेटिव्ह म्हणून पुन्हा सांगायचं. बाकीच्या वर्गाने थोडा गलका करायचा, म्हणजे खरखर आयतीच मिळते; या कामाला वर्गात उमेदवार कमी पडणार नाहीत. इंग्रजी अक्षरं विमानाच्या रीतीने म्हणायला शिकवा. आपल्या गावाचं नाव सांगताना निफाडचा मुलगा म्हणेल: नोव्हेंबर, इंडिया, पापा, हॉटेल, अल्फा, डेल्टा. नऊला नायनर म्हणायचं, कारण नाइन आणि फाइव्ह खरखरीत सारखेच ऐकू येतात. थ्रीला ट्री म्हणायचं. आमच्या आजोबांच्या पिढीने रेडिओला नभोवाणी म्हटलं, पुढे आकाशवाणी म्हटलं. खरं तर हा शब्द आमच्यापेक्षा या लोकांनाच जास्त शोभतो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवलं, तेव्हा त्यांच्याजवळ रेडिओ नव्हता आणि खाली बोलायला कोणी नव्हतं. आज मुंबईवर एका विमानामागे दुसरं इतक्या लगत येतं की नियंत्रकाला एक वाक्य दोनदा म्हणायची उसंत मिळत नाही.

ज्यांच्या घरी मूल हे करू पाहत असेल, त्यांनी पहिला महिना त्याला बोलू देऊ नये. नुसतं ऐकायचं, लिहायचं, आणि मनातल्या मनात उत्तर द्यायचं. भाच्याने तसंच केलं. त्याच्या पहिल्या वहीची पहिली दहा पानं नुसत्या गाळलेल्या जागांनी भरलेली आहेत. जिथे ऐकू आलं नाही तिथे त्याने रेघ मारून ठेवली आहे. अकराव्या पानापासून रेघा कमी होत जातात.